गुहागरला बांधलेलं घर : आर्किटेक्ट फर्मचा अनुभव, पावसाळ्यासकट

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका होईल. पुण्याच्या ज्या छोट्या आर्किटेक्ट फर्मकडून आम्ही गुहागर तालुक्यात घर बांधून घेतलं, तिला मी पाचपैकी साडेतीन देते. स्वयंपाकघराला आणि पुढच्या ओटीला पैकीच्या पैकी. पश्चिमेच्या काचेला एक. मधल्या चौकाला त्याहून कमी द्यायचे होते, पण तशी सोय नाही. फर्मचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याकडून अजून काम करून घ्यायचं आहे आणि नाव न घेता जरा मोकळं लिहिता येतं.

घर साधारण चौदाशे चौरस फुटांचं, एकमजली, आमच्याच नारळी-पोफळीच्या वाडीत. समुद्र चालत पंधरा मिनिटांवर. पूर्वी इथे मातीच्या भिंतींचं घर होतं, ते पडायलाच आलं होतं. बारमाही राहणारी माणसं तीन : मी, हे आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ८४, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. मुलगा आणि सून पुण्याला असतात, ती मे महिन्यात आणि गणपतीत येतात. कर्ज मुलाचं, त्यामुळे फर्मही त्याच्याच पसंतीची, इन्स्टाग्रामवर फोटो बघून ठरवलेली. मी मुंबईत नोकरी केली ती आरेखकाची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे ओढले, तेव्हा प्लॅन आणि सेक्शन (म्हणजे घर उभं कापल्यावर दिसेल तसा नकाशा) मला वाचून दाखवावे लागत नाहीत. ही गोष्ट फर्मच्या लोकांना जरा उशिरा कळली.

चांगल्यापासून सुरुवात करते. आराखडा काढण्याआधी त्यांच्याकडची एक मुलगी आमच्या जुन्या घरी येऊन राहिली. असेल पंचविशीतली, कोकण पहिल्यांदाच बघत होती. वही घेऊन सबंध दिवस माझ्या मागे मागे. “काकू, नारळ कुठे बसून खवता?” “काकू, तांदळाचा डबा एवढा लांब का ठेवलाय?” “मागच्या दारी दिवसातून किती वेळा जाता?” मला सुरुवातीला वैतागच आला. म्हटलं, “अगं, चहा तरी पिऊ दे.” पण तिने जे टिपून नेलं ते सगळं बांधकामात उतरलं.

ओटा ३१ इंच उंच आहे. हल्ली सरसकट ३४ इंचांचा करतात, त्यावर पोळ्या लाटताना माझे खांदे कानापर्यंत जातात, कारण माझी उंची पाच फूट. मागच्या दाराशी नऊ इंच उंचीचा एक बसका कट्टा केला आहे, त्याला उतार आणि मोरीचं तोंड. विळी घेऊन नारळ खवा, फणस फोडा, मासळी साफ करा, पाण्याचा तांब्या ओतला की झालं. त्या कट्ट्यासमोरच्या खिडकीची बैठक जमिनीपासून दोनच फुटांवर आहे, म्हणजे खाली बसलेल्या माणसाच्या तोंडावर वारा येतो आणि परसात कोण आलं गेलं तेही दिसतं. आढ्याजवळ जाळी लावून झरोका ठेवला आहे. लाल मिरचीची फोडणी दिली तरी ओटीवर बसलेलं माणूस खोकत नाही. चिमणी बसवायची गरजच पडली नाही.

गंमत अशी, की त्यांच्या पानावर आमच्या घराचे जे फोटो आहेत, त्यांत लोकांना सर्वांत आवडलेला फोटो या बुटक्या खिडकीचा आहे. लाल कोबा, त्यावर विळी आणि खिडकीतून आलेलं ऊन. खाली लोकांनी काय काय लिहिलंय! ती खिडकी तिथे आहे ती माझ्या गुडघ्यांमुळे, हे कुणाला माहीत असण्याचं कारण नाही.

ओटीचंही तसंच. पूर्वेला सहा फूट रुंद पडवी, छपराची कड इतकी खाली उतरवली आहे की पागोळ्या लांब अंगणात पडतात आणि आत पाय ओला होत नाही. कट्टा १६ इंच उंच. हे माप सासूबाईंना खुर्चीवर, स्टुलावर, पेटीवर बसवून आणि उठायला लावून घेतलं. त्या तेव्हा म्हणाल्या, “पोर लग्नाची मोजमापं घेतेय की काय?” आता दिवसाचा निम्मा वेळ त्या तिथेच असतात, आणि हाताचा आधार न घेता उठतात. भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची, गिलावा न करता नुसते चिऱ्यांमधले सांधे भरलेली. कौलांखाली पत्रा घातला आहे, तेव्हा वानरांनी उड्या मारून कौल फोडलं तरी घर गळत नाही. आमच्याकडे वानरं हा विषय सुशोभीकरणाच्या आधी येतो.

आता पश्चिमेची काच.

बैठकीच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत म्हणजे बारा फूट रुंद आणि आठ फूट उंच अखंड काच. उघडत नाही. दोन कडांना दीड-दीड फुटाच्या झडपा आहेत, तेवढंच काय ते वाऱ्याला तोंड. बाहेर माडांच्या झावळ्या आणि त्यांच्यामधून समुद्राची निळी पट्टी. दिसतं सुंदर, खोटं कशाला बोलू! डिसेंबरात संध्याकाळी मीही चहाचा कप घेऊन तिथेच बसते.

पण फेब्रुवारी संपला की दुपारनंतर त्या खोलीत बसवत नाही. काचेवर छप्पर पुढे आलं आहे ते फक्त दीड फूट, कारण बाहेरून “रेष स्वच्छ” दिसायला हवी होती. मी त्यांना तेव्हाच आलेखाच्या कागदावर सेक्शन काढून दाखवला होता. मार्चअखेर आमच्याकडे संध्याकाळी पावणेपाचला सूर्य क्षितिजापासून साधारण ३० अंशांवर असतो आणि जवळजवळ नाकासमोर पश्चिमेला. दीड फुटाचं छप्पर त्या वेळी काचेच्या वरच्या जेमतेम दहा इंचांवर सावली टाकतं. उरलेल्या सात फुटांतून ऊन सरळ आत. सहा फुटांची पडवी असती तर निदान वरचे साडेतीन फूट झाकले गेले असते, आणि पडवीच्या कडेला चिकाचा किंवा वाळ्याचा पडदा सोडला की बाकीचंही. ऊन काचेच्या बाहेर अडवायचं असतं. आत आल्यावर पडदा ओढला तर तापलेला पडदा घरातच राहतो. हे काही मोठं शास्त्र नाही. आमच्या जुन्या घराला पश्चिमेला पडवी होती आणि ती कुण्या आर्किटेक्टने काढली नव्हती.

फर्मचे मुख्य गृहस्थ कागद बघून म्हणाले, “काकू, बरोबर आहे तुमचं, पण पडवी आली की दृश्याची चौकट तुटते.” मुलाने मान डोलावली. संगणकावरचं थ्रीडी चित्र आणि माझा आलेखाचा कागद यांची कुस्ती होती ती. थ्रीडी चित्रात ऊन नेहमी सकाळचं कोवळं असतं आणि पाऊस कधीच पडत नाही.

परिणाम : मार्च ते मे दुपारी दोनपासून दिवस बुडेपर्यंत तिथे जाड पडदा ओढलेला असतो. म्हणजे मावळतीचा देखावा दिसावा म्हणून केलेली काच बरोबर मावळतीलाच बंद. मेमध्ये मुलगा येतो तेव्हा एसी लावतो आणि पडदा उघडतो. आम्ही दोघं तेव्हा ओटीवर असतो.

पावसाळ्यात दुसरंच. इथे वारा नैर्ऋत्येचा, झड आडवी येते आणि काचेवर बादल्या ओतल्यासारखा आवाज होतो. खालच्या चौकटीच्या खाचेत पाणी साचलं की जोडातून आत झिरपतं, तिथे कायम एक जुनं धोतर गुंडाळून ठेवलेलं असतं. वीज गेली, आणि ती जाते, की इन्व्हर्टरवर पंखा फिरतो पण हवा तीच ती. शिवाय खाऱ्या वाऱ्याचा थर. आठ फूट उंच काच बाहेरून पुसायची म्हणजे लांब दांड्याचा वायपर आणि शिडी. न पुसली तर दृश्य धुरकट. कामाला येणारी मंदा काच पुसायची म्हटलं की शेतीची कामं काढते.

मी मुंबईत होते तेव्हा पेडर रोडवरून बस जाताना कंबाला हिलवरची ‘कांचनजंगा’ नेहमी बघायची. चार्ल्स कोरियांची इमारत, १९८३ साली पुरी झालेली. मुंबईत पश्चिमेला समुद्र आहे आणि वाराही तिकडूनच येतो, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही पश्चिमेचाच. जुन्या बंगल्यांनी याला भोवती व्हरांडा घालून उत्तर दिलं होतं. कोरियांनी तोच व्हरांडा उंच इमारतीत नेला. कोपरे कोरून दोन-दोन मजली उंचीच्या बागा केल्या, राहण्याच्या खोल्या त्यांच्यामागे सावलीत. आज त्या इमारतीचा कुठलाही फोटो काढा, डोळ्यात भरतात ते हे खोल, सावलीतले कोपरेच. तेव्हा पडवीने रूप बिघडतं, हे मला कुणी सांगू नये.

चौकाबद्दल थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं, पण जमेल असं वाटत नाही. घराच्या मधोमध आठ बाय आठ फुटांचा उघडा चौक आहे, त्यात एक चाफा आणि गोल गोटे. फर्मचं म्हणणं, वाड्याची आठवण. वाडा कुठला तर पुण्या-साताऱ्याकडचा. देशावर तो चौक शोभतो, कारण तिथे पाऊस बेताचा आणि ऊन कोरडं. कोकणातही मोठी चौसोपी घरं आहेत, नाही असं नाही, पण त्यांच्या चौकाभोवतीचे सोपे, म्हणजे छपराखालच्या ओसऱ्या, चांगले रुंद असतात. आमच्या चौकाभोवती आहे तो तीन फुटांचा बोळ. रत्नागिरी जिल्ह्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. आठ बाय आठच्या भोकातून नुसतं आभाळातलं पाणी धरलं तरी मोसमाला अठरा हजार लिटर होतं, आणि चारी बाजूंचं छपराचं आत वळवलेलं पाणी वेगळं. पाणी निघून जायला पाइप चांगला जाड घातला आहे, तो तुंबलेला नाही, तेवढं श्रेय देते. पण शिंतोडे? बोळ जून ते सप्टेंबर ओला. भिंतीला हिरवट बुरशी, कपाटातल्या गोधड्यांना वास. बेडूक तर घरचेच झाले.

आणि याच बोळातून सासूबाईंना रात्री न्हाणीघराकडे जावं लागतं.

गावातल्या गवंडीदादांनी पाया खणतानाच सांगितलं होतं, “वैनी, हितं पाणी खेळंल.” साइटवर आलेल्या इंजिनिअरने हसून वहीत लिहून घेतलं. पुढे त्या वहीचं काय झालं कुणास ठाऊक. पहिल्याच पावसात आम्ही बोळात सुंभाच्या चटया अंथरल्या आणि भिंतीला कमरेच्या उंचीवर शिसवी दांडा ठोकून घेतला. दांडा सुंदर दिसतो, आलेले लोक विचारतात. तो आराखड्यात नव्हता, कारण मागितला तेव्हा “इस्पितळासारखं दिसेल” असं उत्तर आलं होतं.

बैठकीची खोली बाकीच्या घरापेक्षा दोन पायऱ्या खाली आहे. मापाने पायऱ्या उत्तम आहेत : सहा इंच चढ, बारा इंच पाऊल. राष्ट्रीय इमारत संहिता घराच्या जिन्याला १९० मिलिमीटरपर्यंत चढ चालवून घेते, त्यापेक्षा या कितीतरी सोप्या. अडचण मापाची नाही, रंगाची आहे. वरची जमीन, पायरी, खालची जमीन, सगळा एकच लाल कोबा. फोटोत जमीन वाहत गेल्यासारखी दिसते. पण मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना कड कुठे आहे ते कळत नाही. खरं सांगायचं तर संध्याकाळी माझ्याही डोळ्यांना कळत नाही. सासूबाईंनी उपाय स्वतःच सांगितला : “कडेला पांढरी रांगोळी घालत जा गो.” आम्ही कडेने दोन इंचांची पितळी पट्टी बसवून घेतली. ही तक्रार मात्र फर्मने मनावर घेतली. ती वही घेऊन फिरणारी मुलगी फोनवर म्हणाली, “काकू, हे मी आजींना त्या दिवशी विचारायला हवं होतं.” आता त्यांच्या नव्या कामांच्या फोटोंत पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाचा दगड दिसतो, हे मी बघून ठेवलं आहे.

न्हाणीघरात काळ्या लाद्या आणि काळे नळ. विहिरीच्या पाण्याचे पांढरे डाग त्यांवर असे उठून दिसतात की रोज पुसलं तरी घर गबाळं वाटतं. बसून अंघोळ करायला कट्टा नव्हता, नंतर करून घेतला. दिव्यांचं म्हणाल तर सगळा उजेड पिवळा आणि लपवलेला. जेवायला बसल्यावर छान वाटतं, पण पेपर वाचता येत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही. ह्यांनी एक दिवस बाजारात जाऊन साधी पांढरी एलईडी ट्यूब आणली आणि आपल्या खुर्चीच्या वर लावली. मुलगा आला की तो ती काढून ठेवतो, तो गेला की हे परत लावतात. या वादात मी पडत नाही.

सेवा म्हणून बघितलं तर फर्म सचोटीची आहे. ड्रॉइंग वेळेवर आणि वाचण्यासारखी. दारं-खिडक्यांचे तपशील इतके नीट की सुताराला फोन करावा लागला नाही. चिरा, कौलं, माणसं सगळी जवळपासची घेतली, त्यात कुणाचं कमिशन दिसलं नाही. अंदाजपत्रक वाढलं ते लोखंडाच्या भावामुळे आणि त्या काचेमुळे. फोन उचलतात, टाळत नाहीत. मुख्य गृहस्थांना मात्र “नाही” ऐकायची सवय कमी आहे.

मी आता घरभर फिरून हिशेब करते तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसते. जिथे जिथे ती मुलगी येऊन बसली आणि “इथे कोण, कधी, कसं” विचारून गेली, तिथलं घर राहायलाही सुखाचं झालं आणि फोटोतही तेच देखणं आलं. काच आणि चौक पुण्यात बसून ठरले, तेही बहुधा दुसऱ्या कुणाच्या घराचे फोटो बघून. दुपारी तीनला त्या खोलीत कोण बसणार, रात्री त्या बोळातून कोण जाणार, हे कुणी विचारलंच नाही.

तेव्हा कोकणात घर बांधून घेणाऱ्यांनी या किंवा अशा फर्मकडे जरूर जावं, पण जाताना काही गोष्टी धराव्यात. त्यांनी बांधलेलं निदान तीन-चार वर्षं जुनं घर भर पावसात बघायला मागा, आणि घरमालकापेक्षा तिथे झाडू मारणाऱ्या बाईशी बोला. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाची एक अख्खी दिनचर्या त्यांच्यापैकी कुणाला तरी बघायला लावा. पश्चिमेला काही उघडं ठेवणार असाल तर मार्चमधल्या संध्याकाळचा सेक्शन मागा, सूर्याच्या रेषेसकट. देत नसतील तर माझ्याकडे आलेखाचे कागद शिल्लक आहेत.

आमच्याकडे आता दोन कामं व्हायची आहेत. काचेच्या बाहेर सहा फुटांची कौलारू पडवी, आणि चौकावर चारी बाजूंनी दीड फूट वर उचललेलं पारदर्शक छप्पर, म्हणजे वारा खेळेल आणि पाणी बाहेर जाईल. पडवीचं ड्रॉइंग फर्मने पाठवलं आहे आणि त्याची वेगळी फी घेणार नाही असं आपणहून कळवलं आहे. पाचपैकी तीनचे साडेतीन झाले ते यामुळे. ड्रॉइंग चांगलं आहे. खांब लाकडाचे दाखवलेत, ते मी जांभ्याचे करायला सांगितलेत.

फीबद्दल विचारणारे असतीलच : बांधकाम खर्चाच्या ७ टक्के, प्रवासखर्च वेगळा, हप्त्यांनी. शेवटचा हप्ता पहिला पावसाळा सरल्यावर, घर तपासून देणार, अशी अट मी करारात घालून घेतली होती आणि त्यांनी कुरकुर न करता मान्य केली. तुम्हीही घाला. आमचा तो हप्ता चौकावर छप्पर चढेपर्यंत माझ्याच खात्यात आहे.